डीसेंट म्हणजे किती इंच

मास्टरांना इंग्रजी येत नाही असं म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यांना इंग्रजीतला एक शब्द येत होता आणि त्यांच्या मते तेवढं इंग्रजी माणसाला पुरतं.

तो शब्द मी पहिल्याच भेटीत ऐकला. बेंगळुरातल्या चामराजपेटेत एक खोली भाड्यानं मिळेल असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून मी बघायला गेले होते. खाली लेडीज टेलरचं दुकान, मागे घर, बाजूनं वर जाणारा जिना आणि जिन्याच्या टोकाला ती खोली. मास्टर मशिनवर बसले होते. सत्तरीचे, शिडशिडीत, गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल. नाव, गाव, नोकरी यातलं काहीही न विचारता ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"डीसेंट आहेस काय?"

मला असे प्रश्न जमत नाहीत. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे अशा शब्दाचा अर्थ विचारत, विरुद्धार्थी शब्द विचारत, वाक्यात उपयोग करायला लावत. पण तो शब्द आपल्याला लागू पडतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. हो म्हणावं तर आगाऊपणा, नाही म्हणावं तर खोली गेली. मी तशीच उभी राहून विचार करत राहिले. मशीन थांबलेलं. बाहेरून एक रिक्षा गेली, मग दुसरी.

"एवढा विचार करतेस म्हणजे आहेस," मास्टर म्हणाले आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, किल्ली दे हिला."

आतून त्यांच्या पत्नी आल्या. त्यांना सगळी पेठ अक्का म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले. आणि मास्टरांना सगळे मास्टर म्हणत. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर असेलही, पण ती पाटी वडाच्या फांदीमागे गेली होती आणि फांदी तोडायला मास्टर तयार नव्हते. सावली डीसेंट पडते, म्हणायचे.

त्यांच्या घरात मराठी बोलत, पण ती कितीतरी पिढ्या बेंगळुरात राहिलेली मराठी होती. तिच्यात थोडं म्हणायला 'स्वल्प' आणि ठीक म्हणायला 'सरी' हे कन्नड शब्द सुखानं नांदत होते. मी पुण्याची. माझं बोलणं ऐकून अक्का पहिले काही दिवस हातातलं काम ठेवून नुसत्या ऐकत बसायच्या. "बघा की," त्या मास्टरांना म्हणायच्या, "बातम्या सांगितल्यासारखी बोलते." झालं, मी आणखीच कमी बोलू लागले. अक्का मला 'पुट्टी' म्हणत. कन्नडमध्ये पुट्टी म्हणजे चिमुरडी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

माझं काम त्यांना समजावून सांगणं अवघड गेलं. फोनच्या अ‍ॅपमध्ये जी बटणं असतात त्यांच्यावर कोणते शब्द लिहायचे हे मी ठरवते, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का शेजारणीला सांगत होत्या, "मुलगी चांगली आहे. बटणाच्या कंपनीत आहे." मास्टरांनी लगेच माझ्याकडून जांभळ्या रंगाच्या बटणांची चौकशी केली. ती मिळत नाहीत हे सांगायला मला इतका संकोच वाटला की मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन एक पाकीट विकत आणून दिलं. त्यानंतर माझी कंपनी डीसेंट ठरली.

शनिवारी मी दुकानात खिडकीजवळच्या स्टुलावर बसत असे. वर खोलीत ऊन तापायचं, आणि खाली माझ्याशी कुणी बोलावंच असं कुणाला वाटत नसे, हे मला फार आवडायचं. तिथे बसून मी मास्टरांच्या त्या शब्दाचे अर्थ फोनमध्ये टिपू लागले. आधी धंद्याची सवय म्हणून, पुढे नादानं.

डीसेंट पाऊस म्हणजे दुकान उघडायच्या आत थांबणारा. डीसेंट कॉफी म्हणजे अर्धा पेला, पण फेसासकट. डीसेंट रंग म्हणजे ज्याच्यावर खडूची खूण नीट उठते. त्यामुळे पांढरा रंग त्यांच्या लेखी मुळीच डीसेंट नव्हता. डीसेंट ताप शंभरपर्यंत. गल्लीत दोन कुत्रे होते. एक गिऱ्हाइकांवर भुंकत नसे म्हणून डीसेंट, दुसरा नव्हता. तोंडावर "येत नाही" म्हणून निघून जाणारा रिक्षावाला डीसेंट. बसवून घेऊन वाटेत कुरकुर करणारा नव्हे. शेजारचे एक आजोबा रविवारी दुपारी, घरचे सगळे जेवून उठल्यावर वारले. मास्टर हळहळले, आणि म्हणाले, "बघ, गेला ते पण किती डीसेंट."

पण हाच शब्द कधी कधी उलटायचा. जेवताना मी दुसरी चपाती नको म्हटलं की, "डीसेंटपणा करू नको" असा दम मिळायचा. आणि एखाद्या माणसाबद्दल, मान एका बाजूला करून, "तो ना? फार डीसेंट आहे" असं ते म्हणाले की त्या माणसापासून जपून राहायचं हे मला कळू लागलं होतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "मास्टर, एकच शब्द चांगल्यालाही आणि वाईटालाही कसा चालतो?"

"का? मीठ चालत नाही काय?" ते म्हणाले. "स्वल्प घातलं तर चव, मूठभर घातलं तर ओकारी. मीठ तेच की."

आतून अक्का म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला एकदा तरी म्हटलंत काय डीसेंट म्हणून?"

"तुला काय म्हणायचं? तू घरचीच की."

"ऐकलंस, पुट्टी? घरचं माणूस म्हणजे माप न घेता शिवलेलं."

मास्टरांनी मशीन जोरात सुरू केलं.

त्यांच्या दुकानात बायका-मुलींचं माप अक्का घेत. पडद्यामागून त्या आकडे ओरडत आणि मास्टर पडद्याच्या अलीकडे, भिंतीकडे तोंड करून, वहीत लिहून घेत. खांदा, छाती, कंबर, बाही, दंड. सगळं सुरळीत चालायचं आणि मग गळ्याशी येऊन अडायचं. मागचा गळा किती खोल, हे परक्या पुरुषाला इंचात सांगायला कुणाला बरं वाटत नाही. बाई पडद्याबाहेर येऊन पदर सारखा करत म्हणायची, "डीसेंट ठेवा, मास्टर."

सगळ्या हेच म्हणायच्या. बँकेतल्या बाईही हेच म्हणायच्या आणि शाळेतल्या मुख्याध्यापिकाही. तो शब्द मास्टरांनी मुळात तिथूनच उचलला असणार. आणि मास्टर कुणालाही "म्हणजे किती?" असं विचारत नसत. त्यांच्याकडे एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे, फोन नंबराशेजारी, 'डी' असा एक रकाना होता. बँकेतल्या बाईंचं डीसेंट सात इंच. मुख्याध्यापिकांचं तीन. एका डॉक्टरीणबाईंचं दवाखान्यासाठी चार आणि भावाच्या लग्नासाठी साडेआठ. पहिल्या ब्लाउजच्या वेळी बाई आरशात स्वतःकडे कशी बघते, पदर कुठे ओढते, यावरून ते हा आकडा ठरवत आणि तो सहसा चुकत नसे.

"डीसेंट म्हणजे किती इंच, ते बाईगणिक वेगळं," ते मला एकदा म्हणाले. "एकीचं डीसेंट दुसरीला घातलं तर दोन्ही घरात भांडण."

लग्नाच्या ब्लाउजांची गोष्ट निराळी होती. तिथे दोन बायका येत, आई आणि मुलगी, आणि डीसेंट आई ठरवी. मला आठवतात त्या पाचव्या मेनवर, म्हणजे पाचव्या मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्या बाई. पोस्टात नोकरी, मोठा आवाज, जुन्या बेंगळुरी मराठी घरातल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर सिंगापूरला जाणार होती. तीन रेशमी ब्लाउज शिवायचे होते, साडीतूनच निघालेल्या कापडाचे. एकदा कापले की दुसरं कापड नाही.

"गळा पाच," आई म्हणाल्या. "डीसेंट. फोटो जन्मभर राहतात, मास्टर."

मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून ती सात किंवा आठ इंचांचा विचार करते आहे हे मलाही दिसत होतं. पण ती काही बोलली नाही. तिची मला लगेच कणव आली. न बोलणारी माणसं मला ओळखू येतात.

आई पायऱ्या उतरून चपला घालू लागल्या तसे मास्टर म्हणाले, "अम्मा, मुलीला स्वल्प थांबू दे. बाहीचं माप राहिलं."

मुलगी परत आली. मास्टरांनी टेप टेबलावर सरळ पसरून ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिले. मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिनं टेपवर एका जागी बोट ठेवलं. मास्टरांनी अस्तराच्या कापडावर खडूनं एक रेघ मारली. एक शब्दही न बोलता दोघांचं काम झालं. लग्नाची प्रत्येक मुलगी बाहीचं माप द्यायला अशी मागे थांबायची. मास्टर बाह्यांच्या बाबतीत फार काटेकोर आहेत, एवढंच मला तेव्हा वाटलं.

त्या लग्नाच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मास्टर सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तीनही ब्लाउज तयार होऊन खुंटीला लावलेले. अक्कांना बाजारात जायचं होतं.

"पुट्टी, बाहीचे कच्चे दोरे तेवढे काढून ठेव. संध्याकाळी त्यांना द्यायचेत."

शिवताना कापड आणि अस्तर जागेवर राहावं म्हणून पांढऱ्या दोऱ्याचे मोठे मोठे टाके घालतात, ते हे कच्चे दोरे. शिवण पक्की झाली की ओढून काढायचे. मी बाह्यांचे काढले. मग ब्लाउज उलटा केला तर आत अस्तरावर, मागच्या गळ्याच्या खाली, आणखी एक पांढरा धावदोरा. गळ्याच्या आकाराला धरून, पण थोड्या अंतरावर. तीनही ब्लाउजांना होता. मास्टर विसरलेले दिसतात, मला वाटलं. सांगितलेल्या कामापेक्षा थोडं जास्त करावं अशी शाळेपासूनची सवय, आणि विचारायला कुणी नव्हतं. असतं तरी मी विचारलं नसतं. मी ते तीनही धावदोरे अलगद काढले. सुईची भोकं दिसत होती म्हणून पाणी शिंपडून इस्त्रीही फिरवली. भोकं गेली. मला फार बरं वाटलं.

मास्टर आले ते डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा लावून. नीट दिसत नव्हतं. त्यांनी सवयीनं पहिल्या ब्लाउजच्या आत हात घातला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग दुसरा ब्लाउज, मग तिसरा.

"इथला दोरा?"

"काढला," मी म्हणाले.

"आणि खूण?"

"इस्त्री केली. पाणी मारून."

मास्टर स्टुलावर बसले. माझ्या स्टुलावर. मग म्हणाले, "फार डीसेंट काम केलंस."

"शिव्या द्यायच्या तर सरळ द्या की," अक्का दारातून म्हणाल्या. त्या नुकत्याच भाजी घेऊन आल्या होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्याही तिथेच बसल्या.

मग मला कळलं. बाहीचं माप हे निमित्त होतं. टेपवर मुलगी जिथे बोट ठेवी, तो तिचा गळा. ब्लाउज शिवायचा आईच्या मापानं, पण आत अस्तरावर मुलीच्या मापाचा धावदोरा घालून ठेवायचा, बाहेरून दिसणार नाही असा. आईनं पाहिला तर तिला वाटावं म्हातारा दोरा काढायला विसरला. लग्न झालं की मुलीला हवं तेव्हा त्या दोऱ्याच्या खुणेनं गळा कापून दुमडायचा. दहा मिनिटांचं काम. कितीतरी मुली माहेरी आल्या की पहिल्यांदा दुकानात येत आणि गळा उघडून घेऊन जात. दूर गेलेल्यांना कुठलाही शिंपी उघडून देई, कारण खूण तयार असे. मास्टर हे चाळीस वर्षं करत होते आणि हे कुठल्याच आईला ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती.

"पण आकडा वहीत असेल ना?" मी विचारलं.

"वही मुलींच्या आया बघतात. तिथे कसा लिहायचा?"

"तुमच्या लक्षात असेल."

"लक्षात ठेवला तर तोंडातून जाईल कधीतरी. रेघ मारली की मी विसरतो. मुद्दाम विसरतो." त्यांनी काळा चष्मा काढला आणि परत लावला. "तिनं माझ्यावर विश्वास ठेवून बोट ठेवलं. परवा लग्न, मग सिंगापूर. तिथे पेटी उघडेल, ब्लाउज उलटा करेल. आत काही नाही. काय म्हणेल? म्हाताऱ्यानं आईचंच ऐकलं."

त्यांचा इतका लहान झालेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

फोन करून विचारायची सोय नव्हती. वहीत नंबर होता तो आईंचा. मास्टर स्वतः नवरीच्या खोलीत जाऊ शकत नव्हते. अक्का गेल्या असत्या तर घरातल्या साऱ्या बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या असत्या.

"तू जा," अक्का मला म्हणाल्या. "तू आलीस-गेलीस ते कुणाला कळत पण नाही."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. पुढचा अर्धा तास मी आरशासमोर उभी राहून 'मला मास्टरांनी पाठवलंय' हे वाक्य म्हणून बघत होते. मग तीन ब्लाउज पिशवीत घातले, टेप पर्समध्ये टाकला आणि निघाले. पाचवा मेन चालत सात-आठ मिनिटांवर. मी तीन वेळा वाटेत थांबले.

लग्नघर भरलेलं होतं. माझं पाठ केलेलं वाक्य कुणी ऐकूनच घेतलं नाही. "ब्लाउज आले, ब्लाउज आले" म्हणत मला लोटत लोटत नवरीच्या खोलीत नेलं. आणि तिथे ती बसली होती, दोन्ही हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले, हवेत धरलेले. टेपवर ठेवायला तिच्याकडे एक बोट मोकळं नव्हतं. खोलीत चार मावश्या. आणि दारात कमरेवर हात ठेवून आई.

"मास्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले, आणि माझा आवाज पुण्याच्या बातम्यांहूनही बारीक निघाला, "बाहीचं माप परत बघायला."

नवरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळेना. बाही शिवून झाली होती, समोर होती. मी टेप काढला आणि तिच्या दंडाजवळ धरला, मावश्यांकडे पाठ करून. मग ब्लाउज किंचित उलटा करून तिला अस्तर दाखवलं, जिथे दोरा असायला हवा होता आणि नव्हता. तिचे डोळे मोठे झाले. मी टेपवरून माझा अंगठा हळूहळू सरकवायला लागले. पाच. साडेपाच. सहा. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. एक मावशी म्हणाली, "बाही मोजायला एवढा वेळ कुठे लागतो?" साडेसहावर नवरीनं डोळे मिटले आणि उघडले.

मी टेप गुंडाळला. ब्लाउज परत पिशवीत घातले. निघणार तेवढ्यात आईंनी माझा दंड धरला.

"चिरोटे खाल्ल्याशिवाय जायचं नाही. ये आत."

स्वयंपाकघरात त्यांनी मला पाटावर बसवलं, हातात बशी दिली आणि दार अर्धं लोटलं. मोठ्या आवाजाच्या त्या बाई एकदम हळू बोलू लागल्या.

"दोरा तू काढलास काय?"

मी हातातला चिरोटा परत बशीत ठेवला.

"मास्टर विसरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "किती सांगितलं तिनं?"

मी गप्प. ती माझी सगळ्यात जुनी युक्ती, एरवी चालते.

"सांग गं. मी काय खाते तुला?"

"साडेसहा," मी म्हणाले.

"वाटलंच." त्यांनी कपाळाला हात लावला. "भित्री. अगदी माझ्यावर गेली. माझं पण साडेसहाच होतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"चामराजपेटेतल्या कुठल्या आईला माहीत नाही? सगळ्या त्यांच्याच हातच्या नवऱ्या की." त्या हसल्या, आणि मग डब्याचं झाकण उगाच उघडून लावलं. "मी गळा कधी उघडलाच नाही गं. आज उघडू, उद्या उघडू. सासूबाई काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील. धीर आला तोवर ब्लाउज अंगात शिरेना. साडीसकट दिला भांडीवालीला." पुढे वाकून त्या म्हणाल्या, "तिचा साडेसात कर."

"मग तुम्हीच पाच का सांगितलंत?" हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला, मला अजून कळलेलं नाही.

"आई आहे ना मी! आईनं पाचच सांगायचं असतं." त्यांनी माझ्या बशीत आणखी एक चिरोटा ठेवला. "आणि हे बघ, मी बोलले हे मास्टरांना कळता कामा नये. चाळीस वर्षं लपवतायत बिचारे. त्यांना किती वाईट वाटेल."

परत येताना मी एकदाही थांबले नाही. पण डोक्यात दोन आकडे भांडत होते. साडेसहा मुलीचा होता, तिनं डोळे मिटून सांगितलेला. साडेसात आईचा, तो मुलीला न विचारता घालणं मला पटेना, आणि न घालता आईला फसवणंही.

मास्टर दुकानाच्या पायरीवर उभे होते. "किती?"

"साडेसहा," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग मी म्हणाले, "आणि आणखी एक घाला, मास्टर. साडेसातला. दोन धावदोरे. म्हणजे तिला जो हवा तो उघडता येईल. किंवा आधी एक, मग दुसरा."

मास्टर माझ्याकडे बघत राहिले. "हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"तुला वाटलं?"

"हो."

मी त्यांच्या घरात दीड वर्ष राहत होते आणि मला काही वाटतं असं मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. तेही खोटं. निदान साडेसातपुरतं. मास्टर आत वळून ओरडले, "अगं, ऐकलंस काय? पुट्टीला वाटलं! दोन घालायचे! चाळीस वर्षांत मला सुचलं नाही बघ!" अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दोघं माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी शिलाई मशीनच शोधून काढलं आहे.

डोळ्यांतलं औषध उतरलं नव्हतं, म्हणून सुई मी ओवली, खडूच्या रेघा मी मारल्या, आणि मास्टरांनी अंगठ्यानं चाचपत सहा धावदोरे घातले. बाई संध्याकाळी सहाला आल्या आणि ब्लाउज घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फारच छान नाटक करत होत्या.

त्या मुलीनं पुढे कोणता दोरा उघडला, की एकही नाही, मला माहीत नाही. ते विचारायचं नसतं.

माझे मात्र हाल झाले. मलाही काही वाटतं हे एकदा कळल्यावर मास्टर मला सोडेनात. मी ऑफिसला निघाले की खालून हाक यायची, "पुट्टी, हा काठ बाहीला की गळ्याला? तुला काय वाटतं?" उपम्यात मीठ बरोबर आहे का, डॉक्टर बदलावा का, फांदी आता तरी तोडावी का. पहिल्यांदा मी काहीतरी पुटपुटायचे. मग सांगू लागले. मग कधी कधी न विचारताही सांगू लागले, आणि अक्का म्हणाल्या की ही मुलगी आता काही पहिल्यासारखी डीसेंट राहिली नाही. तो अर्थ मी फोनमध्ये सगळ्यात शेवटी लिहिला.

आता मी मारतहळ्ळीला राहते, ऑफिसच्या जवळ. नवा ब्लाउज शिवायचा असला की शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा दुकानात एक आई उभी होती, मुलीचे ब्लाउज न्यायला आलेली. तिनं एक उचलला, उलटा केला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. एकदा वरच्या दोऱ्यावरून, एकदा खालच्या.

"मास्टर," ती म्हणाली, "वय झालं बरं तुमचं. आधी एक दोरा विसरायचात. आता दोन-दोन विसरता."

"होय अम्मा," मास्टर मान खाली घालून म्हणाले. "डोळे. काय करणार."

"जपा हो," ती म्हणाली, आणि ब्लाउजची नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

दोघांचे चेहरे इतके गंभीर होते की मला तिथे उभं राहवेना. मी जिन्याकडे पळाले आणि वरच्या पायरीवर बसून तोंडात ओढणी कोंबून हसत राहिले, खालून "पुट्टी, अगं कुठे गेलीस? या काठाचं काय वाटतं तुला?" अशी हाक येईपर्यंत.